उजवीकडे एक गुण: कोलोनोस्कोपीची तयारी, दुसऱ्यांदा

पहिल्या कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीच्या, रिपोर्टात खालून तिसरी ओळ अशी होती: तयारी अपुरी, उजवी बाजू १, मधली २, डावी २, एकूण ५, तपासणी पुन्हा करावी. तेरा दिवसांनी ती पुन्हा झाली तेव्हा आकडे आले २, ३, ३. डॉक्टर तेच, दुर्बीण तीच, पोटही तेच. फरक होता तो आधीच्या काही दिवसांच्या खाण्यात आणि त्याहून जास्त शेवटच्या सहा तासांत. तो फरक तारीखवार लिहून ठेवते आहे. ज्यांच्या हातात आत्ता तयारीचा, म्हणजे तपासणीआधी आतडं धुऊन घेण्याच्या सूचनांचा, कागद आहे आणि त्यावरून काहीच उमगत नाहीये, त्यांना उपयोग व्हावा. औषधाचं प्रमाण मात्र तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेच घ्या, माझ्या कागदावरचं उचलू नका.

आधी ते गुण म्हणजे काय ते सांगते, कारण पहिल्या वेळी मला ते कोणी सांगितलं नव्हतं. ह्याला बोस्टन स्केल म्हणतात. मोठ्या आतड्याचे उजवा, मधला आणि डावा असे तीन भाग धरतात आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात. शून्य म्हणजे घट्ट मळ, अस्तर दिसतच नाही. एक म्हणजे काही पट्टे दिसतात, बाकीचं मळाखाली किंवा गढूळ पाण्याखाली. दोन म्हणजे थोडे कण किंवा रंगीत पाणी उरलंय, पण अस्तर नीट पाहता येतं. तीन म्हणजे लख्ख. हे गुण डॉक्टर शक्य तेवढं धुऊन आणि ओढून घेऊन मगच देतात, म्हणजे 'पाणी मारून काढता आलं असतं की' ही सबब चालत नाही. प्रत्येक भागाला किमान २ आणि बेरीज किमान ६ असेल तर तयारी पुरेशी. माझं घोडं दोन्हीकडे अडलं होतं.

५ जानेवारी. हिमोग्लोबिन ९.६ आणि शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त, म्हणून पोटाच्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली. खाली काउंटरवर १६ तारीख, दुपारी १२ ची वेळ मिळाली. त्याआधी करायच्या तपासण्यांचा कागद: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पीटी-आयएनआर (रक्त गोठण्यासाठी), एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, शिवाय ईसीजी. सगळं मिळून २,३५० रुपये आणि दोन खेपा. 'हे रिपोर्ट किती दिवस चालतील?' हा प्रश्न तिथल्या तिथे विचारून ठेवा. आमच्या इथे महिनाभर चालत होते, त्यामुळे दुसऱ्या वेळी फक्त सीबीसी परत करावी लागली.

त्याच दिवशी एक फॉर्म भरायचा असतो, त्यात 'सध्या चालू असलेली औषधं' असा रकाना असतो. मी रक्तदाबाची गोळी लिहिली. लोहाची गोळी लिहिली नाही, कारण आपल्याकडे ती औषध नसून 'ताकदीची गोळी' असते. ही पहिली चूक. त्या रकान्यात सगळं लिहा: लोह, कॅल्शियम, इसबगोल, त्रिफळा, गुडघ्यासाठी मुलाने परदेशातून आणलेल्या कॅप्सूल, सगळं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर तोंडीही सांगा, आणि त्या थांबवायच्या की नाही, किती दिवस, हे पोटाचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. मधुमेहींनी तर गोळीचं नावच वाचून दाखवावं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या गटातल्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण उपाशी पोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, आणि साखर फार वाढलेली नसतानाही ते होऊ शकतं. इन्सुलिनचा डोस त्या दोन दिवसांपुरता बदलून घ्यावा लागतो, तो लेखी घ्या.

विम्याच्या टेबलावर अर्धा तास गेला. निष्कर्ष एका वाक्यात: फक्त तपासणीसाठी दाखल झालात तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत. पॉलिसीच्या पुस्तिकेत ठरावीक अपवादांमध्ये 'Excl04' ह्या क्रमांकाखाली हेच लिहिलेलं असतं. तपासणीत काही सापडून तिथेच काढलं, तर ती उपचाराची डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडतात अशी) प्रक्रिया म्हणून दावा करता येतो. म्हणून टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) आधी कळवून ठेवायचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तपासणीचं कारण स्पष्ट लिहून घ्यायचं आणि पैसे आपण भरून पावत्या जपायच्या.

तयारीचा कागद मिळाला तो झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स होता, इंग्रजीत. त्यात तीन सूचना होत्या: आदल्या दिवशी हलका आहार, संध्याकाळी ६ वाजता पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात घेणे, रात्री १२ नंतर काही नाही. 'हलका' म्हणजे काय ते लिहिलेलं नव्हतं. पुण्यात हलकं म्हणजे मुगाची खिचडी, त्यावर तूप आणि शेजारी पालकाची ताकातली भाजी. पोटाला हलकं आणि आतड्यात काही न उरवणारं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा माहीत नव्हतं.

१३ तारखेला भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी म्हणजे घेवडा, वांगं, गाजर, ओले हरभरे, पावटे, वर तिळाचं कूट. १४ ला गूळपोळी. १५ ला सकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातचा तिळगूळ. आतड्यात चोथा भरायचा असं ठरवून कोणी बेत आखला असता तरी ह्याहून चांगला जमला नसता. कागदाप्रमाणे १५ ला दुपारी खिचडी, संध्याकाळी पावडर. रात्री १० पर्यंत जुलाब थांबले, झोपही लागली. तेव्हा वाटलं, काम झालं.

१६ तारखेला दुपारी साडेबाराला आत नेलं. बाहेर आल्यावर हातात तो वरचा रिपोर्ट. स्कोपीचे ७,०००, भूलतज्ज्ञांचे २,५००. दुसऱ्यांदा करताना सवलत मिळते का, असं विचारलं, नाही म्हणाले.

१९ ला ओपीडीत डॉक्टरांनी स्क्रीनवर फोटो दाखवून काय चुकलं ते समजावलं. ही वीस मिनिटं सगळ्यांत कामाची होती, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, लोह. न शोषलेलं लोह मळाला काळा आणि डिंकासारखा चिकट करतं, तो धुतला तरी अस्तरावरून सुटत नाही. पाच ते सात दिवस आधी गोळी बंद हवी होती.

दुसरी, तीळ. दुर्बिणीतून पाणी आणि हवा ओढून घ्यायचा जो मार्ग असतो, तो जेमतेम पावणेचार मिलिमीटरचा. एकटादुकटा तीळ जातो, पण सालासकट दोन-चार एकत्र आले की मार्ग तुंबतो. मग ओढणं थांबतं, साफ करावा लागतो, पुन्हा पुढे, पुन्हा तुंबतो. तिळगुळातला तीळ आपण किती चावून खातो, हे त्या फोटोत फारच स्पष्ट दिसत होतं. पेरूच्या, टोमॅटोच्या, अंजिराच्या बियांचं, खसखस आणि मक्याच्या दाण्यांचंही हेच.

तिसरी, आणि डॉक्टरांच्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट, घड्याळ. संध्याकाळी ६ ते ८ मध्ये औषध संपवलं आणि तपासणी झाली साडेबाराला, म्हणजे मध्ये सोळा तास गेले. आपण उपाशी असलो तरी लहान आतडं थांबत नाही. पित्त, पाचकरस, आतड्याचा स्राव मिळून दिवसाला लिटर-दीड लिटर द्रव ते मोठ्या आतड्यात ढकलत असतं. तो पहिल्यांदा येऊन पडतो उजव्या बाजूला. रात्री धुतलेलं आतडं सकाळपर्यंत तिथे पिवळ्या-हिरव्या चिकट थराने पुन्हा सारवलं जातं. डावी बाजू स्वच्छ राहते, त्यामुळे शौच साफ झाल्यासारखं वाटतं आणि आपण फसतो. अस्तरासारख्याच रंगाच्या, चपट्या, पटकन नजरेत न येणाऱ्या गाठी उजवीकडेच जास्त असतात आणि नेमक्या त्याच त्या थराखाली दडतात. उपाय साधा: औषध दोन हप्त्यांत घ्यायचं, दुसरा हप्ता तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करायचा आणि किमान दोन तास आधी संपवायचा.

चौथी, जुनी बद्धकोष्ठता. ती असेल, मधुमेह असेल, पोटाची आधी शस्त्रक्रिया झाली असेल, झोपेच्या, नैराश्याच्या किंवा वेदनेच्या काही गोळ्या चालू असतील, किंवा आधीची तयारी फसली असेल, तर नेहमीचं प्रमाण कमी पडतं. हे आपणहून सांगावं लागतं, 'पोट साफ होतं का?' ह्या प्रश्नाला आपण सगळेच 'हो, तसं होतं' असं म्हणून मोकळे होतो.

नवी तारीख मिळाली २९ जानेवारी, सकाळी ११:३०. नवा कागद डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिला: लोह आजपासून बंद. २६ पासून चोथा नसलेला आहार. २६ आणि २७ ला रात्री बिसाकोडिल ह्या रेचकाच्या ५ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या. २८ ला न्याहारीनंतर फक्त पारदर्शक द्रव. २८ ला संध्याकाळी दोन लिटर, २९ ला पहाटे दोन लिटर. सर्वसाधारण माणसाला एकूण दोन लिटर, तेही विभागून, बऱ्याचदा पुरतं. चार लिटर माझ्या वाट्याला आले ते पहिली फेरी फसल्यामुळे आणि बद्धकोष्ठतेमुळे. तीन दिवसांचं पथ्यही त्यामुळेच. ज्यांना असा त्रास नाही त्यांना अनेक ठिकाणी आदला एकच दिवस पाळायला सांगतात.

औषधाच्या दुकानात एक गोष्ट सांभाळा. चिठ्ठीवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पुडी होती, सगळे तिला पेगलेक म्हणतात. दुकानदार म्हणाला, ती एकच आहे, त्यापेक्षा ही छोटी बाटली घ्या, कमी प्यावं लागतं. ती सोडियम फॉस्फेटची होती. ते औषध शरीरातलं पाणी आतड्यात ओढून काम करतं आणि त्यातलं फॉस्फेट मूत्रपिंडाला इजा करू शकतं. वयस्कर माणसं, मूत्रपिंडाचा त्रास असलेले, रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणारे, ह्यांना ते फार जपून देतात किंवा देतच नाहीत. काउंटरवर अदलाबदल करू नका. पुढच्या दुकानात पुड्या मिळाल्या. दोन पुड्या, गोळ्या, उलटीचं औषध आणि फेस मोडणारं सिमेथिकोन मिळून आठशेच्या आत.

२६ तारीख. रथसप्तमी आदल्या दिवशीच झाली होती, म्हणजे तिळगूळ घरातून अधिकृतपणे संपला. चोथ्याशिवायचं जेवण मराठी स्वयंपाकघरात कसं बसवायचं, ते सांगते. पांढरा मऊ भात, त्यावर तुरीच्या किंवा मुगाच्या वरणाचं वरचं पाणी, गाळून. दही, ताक, पनीर. साल काढलेला उकडलेला बटाटा. अंडं, मासे, चिकन, मसाल्याशिवाय. रव्याचा उपमा, पण मोहरी-जिरं, कढीपत्ता, कांदा, खोबरं न घालता. उरतं काय, असं वाटेल, पण तूप आणि मीठ असतं. साधा पांढरा पाव, मारी बिस्किट चालतं. साबुदाणा चालतो, दाण्याचं कूट चालत नाही, आणि कुटाशिवायच्या खिचडीला खिचडी म्हणायला माझा विरोध आहे. त्यापेक्षा साबुदाण्याची ताकातली पेज बरी. पोह्यांचंही तसंच, पोहे चालतात, त्यावरचं सगळं नाही.

बंद म्हणजे बंद: भाकरी कुठल्याही पिठाची, गव्हाची पोळीही, पालेभाज्या सगळ्या (मेथीचं पान आतड्यात जसंच्या तसं सापडतं), मटकी आणि इतर उसळी, सालासकटच्या डाळी, दाणे, खोबरं, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, पेरू, डाळिंब, चिक्कू, लोणचं. फोडणीतली मोहरी मोजत नाही आपण, पण तीही बीच आहे. हळद-हिंगाची फोडणी द्या. २६ जानेवारी असल्यामुळे घरात जिलबी आली. मैदा, साखर आणि तूप, चोथा शून्य, म्हणून तीन दिवस आधी ती बिनदिक्कत चालते. मधुमेहींनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.

त्या दिवशी ओपीडी बंद असते हे लक्षात घेऊन विम्याचे कागद २७ वर ठेवले. २७ लाच एंडोस्कोपी (दुर्बिणीच्या तपासण्यांच्या) विभागात फोन करून तीन गोष्टी विचारल्या: वेळ तीच आहे ना, भूलतज्ज्ञ किती तास आधीपर्यंत पाणी चालवतात, आणि रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची का. पाण्याच्या बाबतीत दवाखान्यागणिक नियम वेगळा असतो, कुठे दोन तास, कुठे चार. मला अडीच तास सांगितलं, म्हणजे ९ वाजता तोंड बंद. गोळी घ्या म्हणाले, पण पावडर सुरू करायच्या तासभर आधी. नाहीतर ती न शोषताच वाहून जाते.

आणखी एक पुणेरी मुद्दा. २९ ला गुरुवार होता. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं की महापालिका बहुधा गुरुवारच धरते, आणि शुक्रवारी पाणी 'उशिरा व कमी दाबाने'. ज्या पहाटे पंधरा वेळा जावं लागणार त्या पहाटे टाकी रिकामी असणं परवडणारं नाही. आदल्या दिवशी पिंप आणि बादल्या भरून घेतल्या, सोसायटीच्या वॉचमनला विचारून ठेवलं.

२८ तारीख. सकाळी ८ ला दोन मारी बिस्किटं आणि दह्यातला मऊ भात. त्यानंतर फक्त पारदर्शक द्रव. पारदर्शक म्हणजे कोणतं, ह्याची परीक्षा सोपी आहे: ग्लासामागे पेपर धरायचा, अक्षरं वाचता आली पाहिजेत. कोरा चहा, दुधाशिवायची कॉफी, गाळलेलं लिंबू सरबत, मलई नसलेलं शहाळ्याचं पाणी, भाताच्या पेजेची वरची निवळ, गाळलेलं चिकन किंवा भाज्यांचं पाणी, सफरचंदाचा गाळीव रस. ताक नाही, दूध नाही, उसाचा रस नाही, आमरस तर नाहीच. कोकम सरबत पारदर्शक असतं तरी नाही, कारण लाल-जांभळा रंग अस्तरावर रक्तासारखा दिसतो. बिटाचं पाणी, लाल रंगाची सरबतं त्याच कारणाने बाद. नुसतं पाणी पीत राहू नका, साखर-मीठ असलेलंही काही घ्या, नाहीतर दुपारी चारला डोकं धरतं. माझं धरलं होतं, लिंबू सरबताने उतरलं.

पुडी भिजवायची रीत महत्त्वाची आहे. १३७.१५ ग्रॅमची एक पुडी बरोबर दोन लिटर पाण्यात. अंदाजाने नाही, लिटरच्या दोन बाटल्या मोजून. त्यातलं मीठ आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल अशा बेताने असतं की द्रव शरीरातलं पाणी ओढत नाही आणि शरीरात पाणी सोडतही नाही, नुसता आतड्यातून धुऊन निघतो. पाणी कमी घातलं की हा तोल जातो. आधी अर्धा लिटर कोमट पाण्यात ढवळून गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं साधं पाणी. साखर घालायची नाही, मध नाही, सरबत नाही. साखर आतड्यातल्या जंतूंना खाद्य होते आणि वायू होतो. चव खारट, थोडी बुळबुळीत, लिंबाचा वास मारून नेलेली. गार केली की बरी लागते, पण जानेवारीच्या संध्याकाळी फ्रिजमधलं दोन लिटर प्यायलं तर हुडहुडी भरते. माठातल्याइतकं गार पुरे.

उलटीची गोळी ५:३० ला. ६ ला सुरुवात. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला, २५० मिलिलिटरचा. घुटके घेत बसू नका, एका दमात अर्धा, मग उरलेला. स्ट्रॉ जिभेच्या मागे ठेवली तर चव कमी लागते. दोन पेल्यांमध्ये लिंबाची फोड चोखायची, नाहीतर कोऱ्या चहाचा गरम घोट. तिसऱ्या-चौथ्या पेल्याला पोट डब्ब होतं आणि मळमळतं, कारण अजून खालून काही सुरू झालेलं नसतं. तेव्हा अर्धा तास थांबायचं, घरातल्या घरात चालायचं, मग पुढे. मला पहिली कळ ५० मिनिटांनी आली. कोणाकोणाला दीड-दोन तास लागतात. एकदा सुरू झालं की मळमळ आपोआप कमी होते. उलटी झालीच तर जेवढं बाहेर आलं तेवढं मोजून नव्याने घेण्याचा खटाटोप करू नका, दवाखान्याच्या नंबरवर फोन करा. पोट दगडासारखं फुगलं, खूप दुखलं आणि खालून काहीच येत नसेल तरी पिणं थांबवून फोनच.

सुरू करायच्या आधी व्हॅसलीन लावून घ्या, नंतर नाही. पाचव्या खेपेनंतर कातडी सोलवटते आणि मग त्यावर काही लावणंही नको वाटतं. कागद वापरू नका, जेटचं पाणी, आणि टिपायला जुनं मऊ सुती कापड. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही. रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, विशेषतः वयस्कर माणसांना. दिवा चालू, पायपुसणं घसरणारं असेल तर बाजूला. ८:१५ ला दोन लिटर संपले, शेवटची खेप १०:४० ला. मध्ये साधं पाणी आणि लिंबू सरबत.

२९ तारीख, पहाट. ४:३० ला घोटभर पाण्याबरोबर रक्तदाबाची गोळी. ५:३० ला दुसरी पुडी. खरं सांगायचं तर पहिल्या पेल्याला हात पुढे जात नव्हता. रात्री सगळं स्वच्छ झालंय, आता कशाला, असं वाटतं. पण नेमक्या ह्याच दोन लिटरसाठी सगळा खटाटोप असतो. पहिल्याच खेपेला जे आलं ते पाहून पटलं: आदल्या रात्री जवळपास निवळ झालेलं पाणी पुन्हा गढूळ, पिवळं-तपकिरी. रात्रभरात वरून आलेला तोच स्राव. सिमेथिकोन ह्या दुसऱ्या हप्त्यानंतर घ्यायला सांगितलं होतं. आत फेसाचे बुडबुडे झाले तर त्याखालचं दिसत नाही, ते फोडायला हे औषध.

कुठवर आलं ते रंगावरून कळतं. आधी तपकिरी आणि तुकडे, मग कोऱ्या चहासारखं, मग पातळ वरणासारखं गढूळ, आणि शेवटी दह्याच्या निवळीसारखं, पिवळसर पण आरपार. भांड्याचा तळ दिसला पाहिजे. एखाद-दुसरा कण चालतो. वरणाच्या पायरीवर थांबलं तर तयारी झालेली नाही, हे निघायच्या आधी फोन करून सांगायचं. लाजून 'हो, साफ झालंय' म्हटलं तर फुकट भूल घ्यावी लागते. वेळेत सांगितलं तर जास्तीचं औषध किंवा एनिमा देऊन, वेळ दोन-तीन तास पुढे ढकलून त्याच दिवशी काम होऊ शकतं. मी ७:५० ला संपवलं, ८:३० पर्यंत निवळ झालं, ९ ला पाणी बंद.

सिंहगड रस्त्याने निघायचं होतं, म्हणून प्रवासाला तास धरला. पँट-पॅड, जास्तीचे कपडे, सीटवर प्लास्टिक आणि जुना टॉवेल. काही लागलं नाही, पण नसतं घेतलं तर वाटेतला पूल संपेपर्यंत जीव टांगणीला लागला असता. स्वतः गाडी चालवायची नाही. परतताना तर नाहीच, भुलीनंतर चोवीस तास गाडी, सह्या, आर्थिक व्यवहार काही नाही. सोबत माणूस नसेल तर दाखलच करून घेत नाहीत.

१०:१५ ला पोहोचले. केस पेपर, संमतीपत्र, त्यात 'गाठ सापडल्यास काढण्यास संमती' हा वेगळा रकाना असतो, तिथे खूण करायची राहिली की सगळं परत. बांगड्या, मंगळसूत्र, कवळी काढून सोबतच्या माणसाकडे. एका तरी बोटाचं नेलपॉलिश काढलेलं असावं, ऑक्सिजन मोजायचा चिमटा तिथे लागतो. सिस्टरांनी विचारलं, 'काकू, शेवटची कशी झाली?' मी फोनमधला फोटो दाखवला. हसू आलं, पण त्यांना हवं होतं ते नेमकं तेच. मावशींनी गाऊन दिला, सलाइन लागलं, डाव्या कुशीवर वळवलं. बाकीचं आठवत नाही. आत एकूण ३५ मिनिटं लागली असं नंतर कळलं.

उजव्या बाजूला सात मिलिमीटरची एक चपटी गाठ होती, तारेच्या फासाने काढली. पहिल्या वेळच्या फोटोत त्याच जागी पिवळा थर दिसतो. स्कोपी ७,०००, भूल २,५००, गाठ काढण्याचे ६,०००, तुकडा तपासायचे १,८००. गाठ काढल्यामुळे दावा दाखल करता आला. पहिल्या फेरीचे पैसे, तपासणीआधीचा खर्च म्हणून, त्याच दाव्याला जोडले आहेत. निर्णय अजून आलेला नाही.

घरी आल्यावर दहीभात. पहिले काही तास वायू सरतो, त्याची लाज बाळगू नका. दोन-तीन दिवस शौच होत नाही. आतडं रिकामं असतं, म्हणून रेचक घेऊ नका. रक्ताच्या गुठळ्या पडल्या, ताप आला किंवा पोट दुखतच राहिलं तर थेट तातडीच्या विभागात. गाठ काढली असेल तर उशिरा, आठवडा-दोन आठवड्यांनीही रक्त जाऊ शकतं, म्हणून त्या काळात लांबचा प्रवास टाळायला सांगतात. लोहाची गोळी डॉक्टरांना विचारून १ फेब्रुवारीला पुन्हा सुरू केली.

तुकड्याचा रिपोर्ट पाचव्या दिवशी मिळाला, कर्करोग नाही. तो आणायला गेलात की एंडोस्कोपीच्या रिपोर्टाचं गुण लिहिलेलं पान आणि डॉक्टरांच्या हातचा तयारीचा कागद, दोन्हींची झेरॉक्स काढून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. पुढची स्कोपी काही वर्षांनी, कदाचित दुसऱ्याच डॉक्टरांकडे असते. कोणत्या तयारीला ५ आले आणि कोणत्या तयारीला ८, हे त्यांना त्यावरूनच कळणार. थर्मल कागदावरचे फोटो काळाने पुसट होतात, त्यांचीही झेरॉक्स त्याच वेळी.